वाचकांचे प्रश्न : अमेरिकेच्या गिरण्या, खाणी, रेल्वे आणि बाहेरून आलेली माणसं

मागच्या अंकात या पानावर एलिस आयलंडबद्दल थोडं लिहिलं होतं. न्यूयॉर्कच्या बंदरातलं हे बेट, १८९२ ते १९५४ या काळात इथे जवळपास १ कोटी २० लाख माणसांना तपासून अमेरिकेत सोडलं गेलं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी सगळं पान त्याच विषयाला देतोय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय म्हणून फक्त गाव लिहितोय.

प्रश्न (फोंडा) : सर, आम्हाला टीवायला अमेरिकेचा इतिहास आहे. नोट्समध्ये दोन कॉलम केलेत, एकात गाव सोडायची कारणं आणि दुसऱ्यात अमेरिकेने ओढून घ्यायची कारणं. पण नक्की खरं कारण कुठलं, गरिबी की फॅक्टऱ्या?

परीक्षेत दोन कॉलम लिही, मार्क मिळतील. पण डोक्यात ते वेगवेगळे ठेवू नकोस, कारण ते एकमेकांत अडकलेले आहेत आणि मला तर सगळ्या विषयात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बघ, सिव्हिल वॉर म्हणजे अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध १८६५ ला संपलं आणि त्यानंतर अमेरिकेत रेल्वेचं जाळं प्रचंड वेगाने वाढलं, १८६० ला साधारण ३० हजार मैल लाइन होती ती १९०० पर्यंत १ लाख ९० हजारांच्या वर गेली. या रेल्वेने आतल्या राज्यांतला गहू बंदरावर आणला, वाफेच्या बोटींनी तो युरोपात नेला, आणि तो इतका स्वस्त पडायला लागला की १८७०-८० नंतर युरोपातल्या धान्याचे भावच कोसळले. म्हणजे सिसिलीतला किंवा पोलंडमधला छोटा शेतकरी जो बुडाला तो काही अंशी अमेरिकन गव्हामुळे बुडाला, आणि मग तोच शेतकरी तशाच वाफेच्या बोटीत तळाच्या डेकवर बसून अमेरिकेत गेला आणि पिट्सबर्गच्या पोलादाच्या भट्टीवर किंवा रेल्वेचे रूळ टाकायच्या कामाला लागला. आता सांग, हे कुठल्या कॉलममध्ये टाकशील?

सगळ्यांचं असंच होतं असं नाही. आयर्लंडचे लोक त्याआधीच, १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात, उपाशीपोटी निघाले होते, त्या दुष्काळात साधारण १० लाख मेले आणि तेवढेच किंवा जास्तच देश सोडून गेले. रशियात १८८१ ला झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्यानंतर ज्यूंवर हल्ले सुरू झाले, ते जीव वाचवायला पळाले, त्यांना अमेरिकेत नोकरी मिळेल की नाही हा नंतरचा प्रश्न होता. पण १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत जे २ कोटींच्या वर लोक आले त्यातला मोठा भाग कामासाठी आलेला होता, आणि किती काम आहे हे त्यांना कुठल्या जाहिरातीपेक्षा आधी गेलेल्या भावाच्या पत्रातून कळायचं. पत्रासोबत बरेचदा पैसे भरलेलं टिकीटच यायचं. आमच्या गावांतून माणसं मुंबईला गेली ती कशी, आधी एक जण गेला, त्याने खोलीत जागा करून दुसऱ्याला बोलावलं, मग एका खोलीत सगळी एकाच वाड्यावरची, अगदी तस्संच. म्हणून शिकागोच्या एका गल्लीत एकाच पोलिश गावची माणसं सापडायची.

अजून एक. सगळे कायमचे गेले नव्हते. विशेषतः दक्षिण इटलीतले कितीतरी पुरुष दोनचार वर्षं कमवून परत गेले, जमीन घेतली, काही पुन्हा आले. वाफेच्या बोटीमुळे महिना-दीड महिन्याचा प्रवास आठ-दहा दिवसांवर आला होता म्हणून हे शक्य झालं. हे नोट्समध्ये सहसा नसतं, तू उत्तरात लिही.

प्रश्न (वास्को) : मी बोटीवर नोकरी केलेला माणूस, इमिग्रेशनच्या लायनी खूप बघितल्या. एलिस आयलंडवर साहेब लोक नावं बदलून टाकायचे असं ऐकलंय, ते खरं काय? आणि विचारायचे काय नेमकं?

नावं तिथे बदलली नाहीत. भाई, तुम्ही बोटीवर काम केलंय म्हणजे तुम्हाला लगेच पटेल, यादी तर बोट सुटायच्या बंदरावरच तयार व्हायची, नेपल्स, हॅम्बर्ग, लिव्हरपूल इथे, शिपिंग कंपनीचे कारकून ती लिहायचे. एलिस आयलंडचा इन्स्पेक्टर तीच यादी समोर ठेवून प्रश्न विचारायचा, नवीन नाव लिहायचं त्याचं कामच नव्हतं. शिवाय तिथे दुभाषे असायचे, त्यातला एक फिओरेलो ला गार्डिया, जो पुढे न्यूयॉर्कचा मेयर झाला, त्याला इटालियन, क्रोएशियन, यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली), जर्मन अशा भाषा यायच्या. नावं बदलली ती लोकांनी स्वतः, नंतर, मुकादमाला उच्चारता येत नाही म्हणून किंवा शाळेत मुलांना चिडवतात म्हणून.

तपासणी मात्र कडक होती आणि ती फक्त गरिबांची. फर्स्ट आणि सेकंड क्लासच्या पॅसेंजरची बोटीवरच वरवरची तपासणी करून सोडायचे, तळाच्या डेकवरच्यांना बेटावर नेऊन जिना चढायला लावायचे आणि वर डॉक्टर उभे राहून बघायचे कोणाला धाप लागते, कोण लंगडतो. संशय आला की कोटावर खडूने अक्षर, डोळ्यासाठी 'ई', हृदयासाठी 'एच'. ट्रॅकोमा म्हणजे खुपऱ्या बघायला बुटाची बटणं लावायच्या आकड्याने पापणी उलटी करायचे, त्याची सगळ्यात जास्त धास्ती असायची.

प्रश्नांमध्ये एक प्रश्न मला फार वाईट वाटतो. इन्स्पेक्टर विचारायचा, इथे काम ठरलंय का? आता माणूस काय म्हणेल, हो साहेब ठरलंय, चुलतभावाच्या कंपनीत. झालं, अडकला! कारण १८८५ च्या कायद्याने आधीच करार करून मजूर आणायला बंदी होती. आणि नाही म्हणाला आणि वर खिशात पैसे नाहीत, तब्येत यथातथा, तर हा सरकारवर बोजा होईल म्हणून अडवायचे. म्हणजे काम मिळवायची ताकद आहे असं दाखवायचं पण काम ठरलेलं नाही असं सांगायचं. बोटीवर जुने लोक नव्यांना हे उत्तर पाठ करून घ्यायचे. शेवटी परत पाठवलेले साधारण २ टक्केच, पण १९०७ सारख्या वर्षी जेव्हा देशात पावणेतेरा लाखांच्या आसपास माणसं आली तेव्हा २ टक्केसुद्धा किती घरं होतात याचा विचार करा, कारण कधी कधी एकट्या म्हातारीला किंवा एका मुलालाच परत पाठवायचे आणि बाकीच्यांनी तिथल्या तिथे ठरवायचं, कोण जाणार तिच्याबरोबर.

प्रश्न (डिचोली) : आम्ही खाणपट्ट्यातले. अमेरिकेची रेल्वे चिनी लोकांनी बांधली म्हणतात, मग त्यांनाच देशात यायला बंदी का घातली?

सगळी नाही पण पश्चिमेकडचा सगळ्यात कठीण भाग त्यांनी बांधला. सेंट्रल पॅसिफिक कंपनीला कॅलिफोर्नियातून सिएरा नेवाडाचे डोंगर फोडून पूर्वेकडे यायचं होतं, गोरे मजूर टिकत नव्हते, सोन्याच्या खाणीकडे पळायचे, आणि १८६५ ला पगारासाठी आवाज करायला लागले तेव्हा कंपनीच्या चार्ल्स क्रॉकरने चिनी माणसं आणून बघितली. पुढे दहा हजारांहून जास्त चिनी तिथे राबले. ग्रॅनाइटमध्ये हाताने भोक पाडायचं, सुरुंगाची दारू ठासायची, नंतर नायट्रोग्लिसरीन हे त्याहून जोरदार स्फोटक, एवढं करून पूर्ण शिफ्टमध्ये बोगदा काही इंचच पुढे सरकायचा. हिवाळ्यात बर्फाखालून खणलेल्या वाटांनी कामावर जायचं आणि यायचं. किती मेले याची कंपनीने धड नोंदसुद्धा ठेवली नाही.

जून १८६७ ला त्यांनी संप केला. मागणी होती महिन्याला ४० डॉलर आणि कामाचे तास कमी. गोऱ्यांना पगाराबरोबर जेवण-राहणं मिळायचं, यांना जेवणाचा खर्च स्वतःचा. क्रॉकरने काय केलं तर डोंगरात वर जाणारं धान्यच बंद केलं, आठवड्याभरात संप मोडला. १० मे १८६९ ला युटामध्ये प्रोमॉन्टरीला ही लाइन आणि पूर्वेकडून येणारी युनियन पॅसिफिक कंपनीची लाइन जुळल्या, सोन्याचा खिळा ठोकला, फोटो काढला, आणि त्या प्रसिद्ध फोटोत चिनी कामगार जवळजवळ दिसतच नाहीत.

रेल्वे संपली, हजारो माणसं एकदम बेकार झाली, १८७३ नंतर मंदी आली आणि राग चिन्यांवर निघाला. तुम्ही खाणपट्ट्यातले म्हणून एक घटना सांगतो. वायोमिंगमध्ये रॉक स्प्रिंग्स इथे युनियन पॅसिफिकच्या कोळशाच्या खाणी होत्या. १८७५ ला तिथे संप झाला तेव्हा कंपनीने तो मोडायला चिनी आणले. तेव्हापासून दोन्हीकडे विष साठत गेलं आणि २ सप्टेंबर १८८५ ला खाणीतल्या कुठल्या खोलीत कोणी कोळसा काढायचा यावरून भांडण होऊन गोऱ्या खाणकामगारांनी चिनी वस्ती जाळली, २८ जण मारले. कोणालाही शिक्षा झाली नाही. मारणाऱ्यांतले बरेच जण स्वतः वेल्स, आयर्लंड, स्वीडन अशा ठिकाणाहून आलेले परदेशीच होते. आणि कंपनी? तिने सैन्याच्या संरक्षणात उरलेल्या चिन्यांना परत आणून कामावर लावलं आणि खाण चालू केली. हे वाचलं की मला संताप येतो, कारण पगार कोण ठरवत होतं आणि मार कोण खात होतं हे इतकं उघड आहे.

बंदीचा कायदा १८८२ चा, चिनी मजुरांसाठी, आधी १० वर्षांचा, मग वाढवत वाढवत १९०२ ला कायमचा केला, तो रद्द झाला १९४३ ला, तेसुद्धा महायुद्धात चीन दोस्त होता म्हणून, आणि वर्षाला १०५ माणसांचा कोटा ठेवून. या बंदीच्या बाजूने कामगार संघटनाही होत्या. सॅम्युएल गॉम्पर्स, अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचा अध्यक्ष, स्वतः लंडनहून आलेला ज्यू मुलगा, सिगार वळता वळता पुढारी झालेला, तोसुद्धा.

प्रश्न (म्हापसा) : माझ्याकडे शिवणकामाला मुली असतात म्हणून विचारते, या सगळ्यात बायका कुठे होत्या? सगळ्या गोष्टी पुरुषांच्याच सांगतात.

ताई, तुम्ही विचारलंत ते बरं झालं कारण अमेरिकेतले कामगारांचे कायदे बदलायला जी दोन मोठी प्रकरणं कारण झाली त्यात पुढे बायकाच होत्या, आणि त्यातलं एक तर तुमच्याच धंद्यातलं.

न्यूयॉर्कमध्ये ट्रायँगल नावाची बायकांचे ब्लाउज शिवणारी फॅक्टरी होती, दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर. कामाला बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली, कोणी १४ वर्षांची, कोणी २०. २५ मार्च १९११, शनिवार, सुटायच्या जरा आधी आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांना आग लागली. नवव्या मजल्यावरचा एक जिन्याचा दरवाजा कुलूप लावलेला होता, मुली चोरून काही नेतील म्हणून सुटताना एकाच दाराने सोडून बॅगा तपासायची पद्धत होती. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने तुटून पडला. अग्निशमनवाल्यांची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचायची. १४६ जण गेले, त्यात १२३ बायका आणि मुली, कितीतरी खिडकीतून उड्या मारून. मालक दोघेही रशियातून आलेले ज्यू, एकेकाळी स्वतः शिवणकामच करणारे, त्यांच्यावर खटला चालला आणि ते सुटले. कुलूप लावलेलं त्यांना माहीत होतं हे सिद्ध झालं नाही म्हणे!

दोनच वर्षं आधी, १९०९ ला, न्यूयॉर्कच्या हजारो शिवणकाम करणाऱ्या मुलींनी संप केला होता, युक्रेनमधून आलेली क्लारा लेमलिक नावाची मुलगी सभेत उठून यिडिशमध्ये बोलली आणि संप ठरला. ट्रायँगलच्या मुलीही त्यात होत्या. बऱ्याच कारखान्यांनी युनियनशी करार केला, ट्रायँगलने नाही केला.

त्या दिवशी रस्त्यावर उभं राहून ती आग बघणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स होत्या. पुढे न्यूयॉर्क राज्याने चौकशी कमिशन नेमलं त्यात त्यांनी काम केलं, आग लागल्यावर बाहेर पडायच्या वाटा, स्प्रिंकलर, कामाचे तास यावर बरेच कायदे झाले, आणि १९३३ ला त्या अमेरिकेच्या कामगार मंत्री झाल्या, तिथल्या मंत्रिमंडळातली पहिली बाई. १९३८ चा किमान वेतनाचा कायदा व्हायला त्यांचा मोठा हात होता.

दुसरं प्रकरण मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावचं, लोकरीच्या आणि सुती गिरण्यांचं. राज्याने १९१२ पासून बायका-मुलांचे तास आठवड्याला ५६ वरून ५४ केले, मालकांनी लगेच दोन तासांचा पगार कापला. ११ जानेवारीला पोलिश बायकांनी पाकीट उघडून बघितलं, साधारण ३२ सेंट कमी, आणि माग बंद करून त्या बाहेर आल्या. ३२ सेंट म्हणजे काही पाव! बघता बघता वीस हजारांहून जास्त लोक संपावर. मालकांनी मुद्दामच वेगवेगळ्या देशांची माणसं ठेवलेली, भाषा जुळली नाही तर एकी होणार नाही असा हिशोब. पण इथे प्रत्येक भाषेचे प्रतिनिधी घेऊन कमिटी केली, प्रत्येक सभेचं भाषण सगळ्या भाषांत फिरवून सांगितलं, स्वयंपाकघरं चालवली. पोरांची उपासमार होऊ नये म्हणून त्यांना दुसऱ्या शहरांत लोकांच्या घरी पाठवलं, तर २४ फेब्रुवारीला स्टेशनवर पोलिसांनी आयांना मुलांसमोर मारलं. ते पेपरात छापून आलं, वॉशिंग्टनला चौकशी लागली, तिथे कामिला तिओली नावाच्या मुलीने सांगितलं की मशीनमध्ये केस अडकून तिच्या डोक्याची कातडी निघाली होती. मार्चमध्ये मालक वाकले, पगार वाढला, सगळ्यात कमी पगारवाल्यांचा जास्त वाढला.

प्रश्न (वेर्णा) : स्पष्ट विचारतो. भायले (बाहेरचे) आले की पगार पडतो. अमेरिकेने १९२४ ला दार बंद केलं आणि तरी तिची इंडस्ट्री वाढली. गोव्यानेही तेच करावं, तुम्हाला काय वाटतं?

स्पष्टच उत्तर देतो. माणसं खूप आली की काही कामांत पगारावर दाब येतो हे खोटं नाही, त्या काळातल्या अमेरिकेतही आला, आणि तुम्हाला इथे पोराला कायमची नोकरी मिळत नाही म्हणून जे वाटतं ते मला समजतं. पण १९२४ चं उदाहरण तुम्ही देता तसं नाही.

त्या कायद्याने प्रत्येक देशाला कोटा दिला, १८९० च्या जनगणनेत त्या देशाचे जितके लोक होते त्याच्या २ टक्के. १८९० का, तर इटालियन, ज्यू, पोलिश लोकांची लाट त्यानंतरची, म्हणजे ते आपोआप कमी धरले जातील. जिथून काही वर्षी दोन लाखांच्या वर माणसं यायची त्या इटलीला वर्षाला ३,८४५ जागा. आशियातल्यांना जवळजवळ पूर्ण बंदी. पण मेक्सिकोला कोटा नव्हता, शेतमालकांनी आणि रेल्वेवाल्यांनी तो लागू दिला नाही. आणि फॅक्टऱ्यांना हवे असलेले हात दक्षिणेतल्या काळ्या लोकांनी दिले, शेती आणि छळ सोडून ते लाखोंनी शिकागो, डेट्रॉइटला गेले, आणि तिथे त्यांनाही तेच ऐकावं लागलं, बाहेरचे, पगार पाडणारे. ते तर त्याच देशाचे नागरिक होते.

पगार कधी वाढला ते बघा. हेन्री फोर्डने जानेवारी १९१४ ला दिवसाला ५ डॉलर जाहीर केले, दार उघडंच होतं तेव्हा. असेंब्ली लाइनचं काम इतकं कंटाळवाणं की माणसं टिकत नव्हती, १४ हजार कामगार ठेवायला वर्षात ५२ हजारांवर भरती करावी लागली होती, म्हणून दिले. त्यालाही अटी होत्या, कंपनीचे लोक घरी येऊन बघायचे, दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, इंग्लिश शिकतो का. बाकी ठिकाणी खरा पगार वाढला तो १९३५ ला युनियन करायचा हक्क कायद्याने मिळाल्यावर आणि मिशिगनमधल्या फ्लिंटला जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या कामगारांनी १९३६-३७ च्या थंडीत ४४ दिवस फॅक्टरीतच बसून संप केल्यावर. त्या युनियनमध्ये कोण होते, १९०० च्या आसपास आलेल्या त्याच पोलिश, हंगेरियन, इटालियन लोकांची पोरं मोठ्या संख्येने होती.

म्हणून मला वाटतं आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये विचारायचा प्रश्न हा की कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला, तो ओडिशाचा असो की काणकोणचा, त्याच मशीनवरच्या कायम माणसापेक्षा एवढा कमी पगार का? तो ओडिशाचा मुलगा दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांबरोबर राहतो, त्याला कमी पैसे हवेत म्हणून नव्हे, त्याला तेवढेच देतात म्हणून. त्याला हाकलला तर कॉन्ट्रॅक्टर दुसरीकडून आणेल. त्याचा पगार तुमच्या पोराएवढा करायला लावला तर त्याला आणण्यात कॉन्ट्रॅक्टरचा फायदाच उरत नाही. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित, पुन्हा लिहा, पुढच्या अंकात छापतो.

प्रश्न (मडगाव) : अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला पोर्तुगीज नावांची माणसं खूप आहेत म्हणे, ती गोव्याची काय?

नाही, ती मुख्यतः अझोर्स बेटांची, मादेइराची आणि केप व्हर्डची. व्हेल मासे मारणारी जहाजं वाटेत तिथे थांबून खलाशी घ्यायची, ते न्यू बेडफर्डला उतरले, मग व्हेलचा धंदा बसला तेव्हा तिथल्या आणि जवळच्या फॉल रिव्हर गावच्या सुती गिरण्यांत गेले. हिंदुस्थानातून तेव्हा गेले ते मुख्यतः पंजाबी, लाकडाच्या मिलमध्ये. ४ सप्टेंबर १९०७ ला वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये जमावाने त्यांना गावाबाहेर काढलं, १९१७ ला आशियाच्या मोठ्या भागाबरोबर हिंदुस्थानातूनही येणं बंद केलं, १९२३ ला भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. १९४६ ला दार थोडं उघडलं, वर्षाला १०० जण.

प्रश्न (पेडणे) : आजोबा बोटीवर होते, न्यूयॉर्कला गेल्याचं घरी सांगायचे. कुठे नोंद मिळेल?

एलिस आयलंडच्या याद्या ऑनलाइन फुकट शोधता येतात आणि त्यात पॅसेंजरबरोबर बोटीच्या क्रूचीही नावं आहेत. आडनाव सगळ्या स्पेलिंगने टाकून बघा, पोर्तुगीज पद्धतीने आणि इंग्लिश पद्धतीने, कारण लिहिणारा कारकून कुठल्या बंदरचा होता त्यावर ते ठरायचं. बोटीचं नाव घरात कोणाला आठवत असेल किंवा जुन्या नली-पुस्तिकेत (खलाशाच्या नोकरीच्या नोंदीच्या वहीत) असेल तर तिथून सुरुवात करा, नाव सापडेपर्यंत वर्ष धरून शोधण्यापेक्षा ते सोपं पडतं.